त्रेपन्न ऐकलं, पस्तीस लिहिलं

तुम्ही सगळे डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षकाची पदविका करताय, म्हणून एका पाटीपासूनच सुरुवात करते. सोलापूरकडे दुसरीला शिकवत होते. "त्रेपन्न लिहा" म्हटलं की कितीतरी पाट्यांवर 35 यायचे. मूल चुकत कुठे होतं? कानावर आधी 'त्रे' पडलं, हातानं आधी 3 काढला. एकोणतीस म्हणताना तर ऐकू येतं तीस आणि लिहायचे 29. नव्याण्णवपाशी हाही नियम मोडतो, एकोणशंभर कुणी म्हणत नाही. घरी कन्नड बोलणाऱ्या मुलांच्या 'ऐवत्तमूरु'त मात्र पन्नास आधी येतात, तीन नंतर.

आता अभ्यासक्रम कसा ठरतो ते बघा. आधी राष्ट्रीय आराखडा, त्यावरून राज्याचा आराखडा, मग विषयाचा अभ्यासक्रम, अध्ययन निष्पत्ती, म्हणजे मुलाला काय यायला हवं ते, आणि शेवटी पुस्तक. 2005 चा राष्ट्रीय आराखडा आला, त्यापाठोपाठ 2010 चा आपला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पुन्हा तोच क्रम. सगळं वरून खाली येतं. मला काळजी उलट्या वाटेची आहे: पाटीवरचे ते 35 वरपर्यंत कसे पोचायचे?

एकदा ते पोचले. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्षा होत्या मंगला नारळीकर. 2019 च्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसच्या जोडीला 'वीस सात' असंही वाचन आलं. जोडाक्षरं आणि बोलण्या-लिहिण्याचा उलटा क्रम मुलांना अडतो, हे त्यामागचं कारण. जुनी नावं पुस्तकात होतीच. तरी गदारोळ झाला, विषय विधानसभेपर्यंत गेला. मराठी बुडाली, असं लोक म्हणाले. मला ते मुळीच पटलं नाही, आजही पटत नाही. नॉर्वेनं 1951 मध्ये शाळेत आणि सरकारी कामात दशक आधी म्हणायला सुरुवात केली. तिथे मागणी टेलिफोन खात्याची होती, कारण नंबर सांगताना आकडे उलटे व्हायचे. त्यांची भाषा काही बुडाली नाही.

पण लोकांची भीती खोटी नव्हती, हेही मी मानते. पाढे हा घरातला ठेवा. ज्या आजीनं निमकी-पावकी, म्हणजे अर्ध्याचे आणि पावाचे पाढे पाठ केले, तिला नातवंडाचं पुस्तक परकं वाटलं तर तिचं काय चुकलं? म्हणून पुस्तक बदलताना त्यामागचं कारणही घराघरात गेलं पाहिजे, आणि ते नेणारे तुम्ही आहात. परिपत्रक आजी वाचत नाही.

त्या जूनमध्ये एक आजी तावातावानं वर्गात आल्या. मी त्यांना नातीशेजारी बसवलं आणि म्हटलं, तुम्हीच आकडा सांगा. त्या म्हणाल्या, "त्रेपन्न." पोरगी थांबली, ओठातल्या ओठात "पन्नास तीन" पुटपुटली आणि तिनं आधी 5 काढला. आजींनी पाटी हातात घेतली, जरा वेळ बघितली आणि म्हणाल्या, "आता सत्त्याहत्तर लिही बघू."