आधी टॉप बंद करा

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'ब्रिस्टलची रॅपवाली पोरं इलेक्ट्रॉनिक संगीताकडे कशी वळली'. तिथं जायचंच आहे, पण माझी वाट आपल्या कोल्हापूरच्या मिरजकर तिकटीवरून जाते.

डॉल्बी म्हटल्यावर तुमच्यातल्या निम्म्यांच्या कपाळाला आत्ताच आठ्या पडल्या. रास्त आहे. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, आणि विसर्जनाच्या रात्री महाद्वार रोडवर दुकानांची शटरं थरथरतात, म्हातारी माणसं छातीवर हात धरून बसतात. त्या आवाजाची वकिली मला करायची नाही. मला बोलायचंय तो आवाज हाताळणाऱ्या पोराबद्दल.

आमच्या मिरवणुकीत एका वर्षी विशीतला ऑपरेटर होता. एरवी मोटारी रिवाइंडिंग करायचा. ट्रॉलीवर खाली बेस म्हणजे जाड आवाजाचे बॉक्स, वर टॉप म्हणजे बारीक आवाजाचे, मागं जनरेटर. तिकटीवर गर्दी तटली आणि शेजारच्या मंडळाची हलगी, घुमकं, कैताळ आमच्या ट्रॉलीला येऊन भिडली. आता नुसता कालवा होणार, असं वाटलं. मी फळीवर त्याच्या शेजारीच उभा होतो. त्यानं आधी गाणं खाली ओढलं, मग टॉप बंद केले. राहिला नुसता बेस, तोही तळपायाला कळेल एवढाच. हलगीवाल्यानं मान वळवून बघितलं आणि लय वाढवली. पोराचं बोट फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीवर. एका ठोक्याला उचलायचा, पुढच्याला सोडायचा. खासबागेत कुस्तीची जोड भिडायच्या आधी अंगावर काटा येतो ना, तस्सा आला. पाचच मिनिटं चाललं असेल.

दुसऱ्या दिवशी हिशेबाला बसल्यावर हलगीवाल्यांचं कौतुक झालं, फेटे ठरले. आणि त्या पोराच्या भाड्यातून हजार रुपये कापले. कारण काय, तर 'मध्येच गाणं बंद पडलं'! मी भांडलो, कुणी ऐकलं नाही. ते मला आजही सलतं. हलगीवाला कलावंत आणि हा भाड्याचा माणूस, हे कुणी ठरवलं?

जमैकात किंग्स्टनला किंग टबी म्हणून एक जण होता. रेडिओ, अँप्लिफायर दुरुस्त करणारा. सत्तरच्या दशकात तो तयार गाण्यातून गाणाऱ्याचा आवाज काढून टाकायचा, बेस आणि ड्रम तेवढे ठेवायचा. त्याला डब म्हणतात आणि जग टबीला उस्ताद मानतं. आमच्या पोरानं तिकटीवर हेच केलं होतं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. बरं.

जमैकातही आपल्यासारख्याच बॉक्सच्या भिंती रचून रेकॉर्डी वाजवायचे, ती रीत दोन वाटांनी बाहेर गेली. जमैकात जन्मलेला कूल हर्क न्यूयॉर्कला होता. ११ ऑगस्ट १९७३ ला ब्राँक्समध्ये बहिणीच्या पार्टीत त्यानं रेकॉर्डी वाजवल्या, हिप हॉपचा, म्हणजे रॅप ज्यातलं त्या संगीताचा, जन्म तिथं धरतात. दुसरी वाट कॅरिबियन कुटुंबांबरोबर इंग्लंडला, ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स वस्तीत. ऐंशीच्या दशकात तिथं 'वाइल्ड बंच' ही टोळी तयार झाली. बॉक्स स्वतःचे, रेकॉर्डी स्वतःच्या, आणि रॅप. त्यातले तिघं पुढं 'मॅसिव्ह अटॅक' हा बँड झाले. १९९१ च्या त्यांच्या 'ब्लू लाइन्स' अल्बममध्ये रॅप आहे, पण कुजबुजल्यासारखा, संथ. १९९८ च्या 'मेझनाइन'मध्ये तो ओसरला, गिटार आणि यंत्रांचा काळोख पसरला. तिघांतल्या मशरूमला हे वळण मानवलं नाही, १९९९ ला तो बाहेर पडला.

लोक म्हणतात, त्यांनी हिप हॉप सोडलं. मला ते पटत नाही. रॅप हा त्यांचा टॉप होता, तो त्यांनी बंद केला. बेस पहिल्या दिवसापासून तिथंच होता, कारण ही पोरं मुळात बॉक्स उचलणारी होती.

दुसरी चिठ्ठी आली. बोलणं थांबवतो आणि 'मेझनाइन'चं पहिलं गाणं लावतो, 'एंजल'. गाणारा हॉरेस अँडी, जमैकाचाच. 'ब्लू लाइन्स'वरही तोच होता. गळा यायच्या आधीचं ऐका. पंखे जरा बंद करा कुणीतरी, आणि तळहात खुर्चीच्या दांडीवर ठेवा.