किमान रकमेइतकेच सूत्रही बदलायला हवे

कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, म्हणजे आपण सगळे जिला ईपीएस-९५ म्हणतो ती, १६ नोव्हेंबर १९९५ रोजी लागू झाली. एसटी महामंडळात, सहकारी साखर कारखान्यांत, सूतगिरण्यांत आणि खासगी कंपन्यांत आयुष्य घालवलेल्या माणसांचे म्हातारपण या योजनेवर विसंबून आहे. २०१४ मध्ये ठरलेले महिना १,००० रुपयांचे किमान पेन्शन लाजिरवाणे आहे, आणि ते वाढावे ही मागणी मी पूर्णपणे मान्य करतो. तरीही आज मी सूत्राबद्दल बोलणार आहे, कारण सूत्र तेच राहिले तर दहा वर्षांनी याच मागणीसाठी पुन्हा रस्त्यावर उतरावे लागेल.

हे सूत्र दिसायला सोपे आहे. निवृत्तिवेतनपात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि सत्तरने भागायचे. पस्तीस वर्षे काम केलेल्याला अर्धे वेतन मिळावे, असा त्याचा अर्थ होतो. खरी अडचण ‘वेतन’ या शब्दात दडलेली आहे. पगार कितीही असला, तरी सर्वसाधारणपणे हिशेबात वेतनमर्यादेपर्यंतचीच रक्कम धरली जाते. ही मर्यादा २००१ पासून ६,५०० रुपये होती. सप्टेंबर २०१४ मध्ये ती १५,००० झाली आणि पुढची दहा वर्षे जागची हलली नाही. शिवाय २०१४ पूर्वीच्या सेवेला जुनी मर्यादाच लागू होते.

एक हिशेब मांडतो. सप्टेंबर १९९६ मध्ये नोकरीला लागलेला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेला कामगार घ्या. त्याचा पगार कायम मर्यादेच्या वर होता असे समजू. पहिल्या अठरा वर्षांचे ६,५०० च्या दराने १,६७१ रुपये होतात आणि नंतरच्या दहा वर्षांचे १५,००० च्या दराने २,१४३. वीस वर्षांहून अधिक सेवेबद्दल मिळणारी दोन वाढीव वर्षे धरली, तरी बेरीज सव्वाचार हजारांच्या आतच राहते. अठ्ठावीस वर्षांच्या घामाचा हा मोबदला आहे, आणि सूत्रात महागाईशी जोडलेली वाढच नसल्यामुळे त्याची खरी किंमत दरवर्षी घटत जाते.

दुसरा मुद्दा सरासरीचा. पूर्वी शेवटच्या बारा महिन्यांची सरासरी घेत, २०१४ पासून साठ महिन्यांची घेतात, आणि ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला. मला स्वतःला लांब मुदतीची सरासरी तत्त्वतः चुकीची वाटत नाही; अखेरच्या वर्षी पगार फुगवून पेन्शन वाढवण्याला तिच्यामुळे आळा बसतो. पण पाच वर्षांपूर्वीचा रुपया आणि आजचा रुपया एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. वर्षाला आठ टक्के पगारवाढ मिळणाऱ्याची पाच वर्षांची सरासरी शेवटच्या वर्षाच्या वेतनापेक्षा सुमारे चौदा टक्क्यांनी कमी भरते. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी योजनेत तर तब्बल पस्तीस वर्षांची कमाई धरतात. मात्र १९७७ च्या दुरुस्तीपासून ती आधी देशातील सरासरी वेतनाच्या वाढीनुसार वर आणतात आणि मग सरासरी काढतात. तेच आपल्याकडे करता येईल. वेतनमर्यादाही दरवर्षी सरासरी वेतनाच्या वाढीनुसार आपोआप वाढावी, आणि निवृत्तीनंतरचे पेन्शन ग्राहक किंमत निर्देशांकाशी बांधलेले असावे.

पैसा कुठून येणार, हा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून बोलणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. मालकाच्या वर्गणीतील ८.३३ टक्के आणि केंद्र सरकारचे १.१६ टक्के वेतनमर्यादेपर्यंतच्या पगारावरच निधीत जमा होतात. मर्यादा वाढली की जमाही वाढेल. त्यामुळे आज नोकरीत असलेल्यांचा खर्च काही प्रमाणात वर्गणीतूनच निघेल, जरी महागाईशी जोडणीसाठी दर थोडा वाढवावा लागला तरी. जे आधीच निवृत्त झाले त्यांच्याकडून आता वर्गणी घेता येत नाही. त्यांची वर्गणी कमी पडली ती मर्यादा सरकारने वर्षानुवर्षे गोठवून ठेवल्यामुळे, आणि म्हणून त्यांच्या वाट्याची तूट केंद्राच्या अर्थसंकल्पातूनच भरली गेली पाहिजे.