एरिनिस: आईच्या बाजूने उभ्या राहिलेल्या देवता

श्रोतेहो, नमस्कार.

ग्रीक पुराणांतल्या सूडाच्या देवता एरिनिस देवांचा राजा झ्यूस याच्यापेक्षाही जुन्या. झ्यूसचा बाप क्रोनस याने आपल्या बापावर, युरेनसवर विळा चालवला, त्याचं रक्त धरणीवर सांडलं आणि त्यातून या जन्मल्या, असं कवी हेसिअड सांगतो. अलेक्टो, मेगेरा आणि टिसिफोनी ही त्यांची नावं पुढच्या काळात रूढ झाली. रक्ताच्या नात्यातला खून आणि मोडलेली शपथ यांना त्यांच्याकडे माफी नव्हती. सूर्याने मर्यादा ओलांडली तर एरिनिस त्यालाही हुडकून काढतील, असं तत्त्वज्ञ हेराक्लिटस म्हणतो.

त्यांना राक्षसिणी समजणं मला अन्यायाचं वाटतं. इ.स.पू. 458 मध्ये अथेन्सच्या रंगभूमीवर आलेली नाटककार एस्किलसची नाट्यत्रयी बघा. ट्रॉय नगरावरच्या मोहिमेसाठी राजा अ‍ॅगमेम्नॉनने पोटच्या मुलीचा, इफिजिनियाचा बळी दिला. पत्नी क्लायटेम्नेस्ट्राने त्याला ठार केलं. मग अपोलो देवाच्या आज्ञेवरून मुलगा ओरेस्टिसने आईला मारलं. डेल्फीच्या अपोलो-मंदिरात क्लायटेम्नेस्ट्राचं भूत येतं आणि झोपी गेलेल्या एरिनिसना खडसावून उठवतं. पोटच्या पोराने मला मारलं, पण एकाही देवाला त्याचा राग नाही, ही तिची तक्रार. खरंच, तिच्यासाठी एरिनिसखेरीज कोण धावलं?

ओरेस्टिसवरचा खटला अथेन्समध्ये, अरिओपॅगसच्या टेकडीवरच्या न्यायासनापुढे उभा राहतो. आई ही खरी जन्मदाती नव्हेच, ती फक्त बापाचं बीज सांभाळते, असा अपोलोचा युक्तिवाद! आज तो ऐकताना संताप येतो. मतं समसमान पडतात. अथेन्सची देवी अथीना हिचं मत ओरेस्टिसच्या बाजूने, म्हणून तो सुटतो.

पराभूत एरिनिस अथेन्सची जमीन नापीक करण्याची धमकी देतात. आणि इथे अथीना जे करते ते मला फार मोलाचं वाटतं. झ्यूसच्या वज्राची कोठी आपल्याला उघडता येते, एवढं ती एकदा सुचवते. बाकी सगळी समजूतच. हरलेल्या पक्षाला ती पुन्हा पुन्हा विनवते, मान देते, या नगरात घर देते. धाक नाहीसा झाला तर माणूस न्यायाने वागेल कशाला, हे एरिनिसचं म्हणणं तीही उचलून धरते.

त्यांचं पूजास्थान अरिओपॅगसपाशी खरोखरच होतं. या न्यायासनाने निर्दोष ठरवलेली माणसं तिथे बळी अर्पण करत, असं पॉसेनिअस या ग्रीक प्रवाशाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात नोंदवलं आहे.