गाव भरलेलं असतं तेव्हा

(पांझरा नदी. सकाळची वेळ. जुन्या दगडी बंधाऱ्यावरून पाण्याची पातळ चादर उतरते आहे.)

पांझरेवर धुळे जिल्ह्यातल्या साक्री आणि धुळे तालुक्यांत असे बंधारे एकाखाली एक आहेत. त्यांचं वय शतकांत मोजतात. पाटबंधारे खातं जन्मायच्या कितीतरी आधी इथल्या लोकांनी नदी अडवली, पाट काढला आणि पाणी वाटून घेतलं. या रीतीला फड म्हणतात.

पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे करायचे. एकेक तुकडा म्हणजे एकेक फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा या फडात ऊस असेल, तर पुढे दुसरं पीक येईल. पाणी कमी असलं की एखादा फड तसाच पड ठेवायचा. आणि खरी मेख इथे आहे: प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असते. त्यामुळे एक फड पड राहिला तर झळ एकट्यादुकट्याला बसत नाही, सगळ्यांना थोडी थोडी बसते.

(पाटाच्या कडेने चालणारा माणूस. खांद्यावर फावडं.)

पाणी सोडणार पाटकरी. पिकाची राखण करणार जागल्या. दोघांवर देखरेख हवालदाराची. त्यांचा मोबदला पिकातून. पाटातला गाळ काढायला घरटी माणूस द्यायचा. कुठल्या फडात काय लावायचं, हे हंगामाआधी सगळ्यांनी बसून ठरवायचं.

सहभागी नियोजन, म्हणजे लोकांनी बसून आपल्या योजना ठरवणं, हा शब्द कागदावर येण्याआधीची ही गोष्ट आहे. धरणं आली, विहिरी आल्या, मोटारी आल्या, तसे बरेच फड मोडले. काही अजून तग धरून आहेत.

फडाचं कौतुक करताना एक प्रश्न मात्र गिळून टाकायला नको. त्या बैठकीत बसायचं कोण? ज्याची पाटाखाली जमीन, तो. रात्रभर पीक राखणारा जागल्या खानदेशात बऱ्याच गावी भिल्ल समाजातला असे. त्याला धान्य मिळायचं, बैठकीत जागा मिळायची नाही. बायका गाळ उपसायला चालायच्या, ठरवायला नाही. म्हणजे वाटणी चोख होती, पण वाटेकरी आधीच ठरलेले होते.

(साक्री तालुका. बारीपाडा. पावसाळी जंगल, धुकं.)

याच साक्री तालुक्याच्या पश्चिम टोकाला बारीपाडा आहे. नव्वदच्या दशकात इथल्या लोकांनी उघडंबोडकं झालेलं रान राखायला घेतलं. राखणीचे नियम गावाने केले, दंड गावाने ठरवला, वसूलही गावानेच केला. आज चारशेहून अधिक हेक्टर जंगल उभं आहे. या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली.

पण आम्हाला इथे सगळ्यात जास्त आवडली ती वनभाज्यांची स्पर्धा. पावसाळ्यात बायका रानातून भाज्या आणतात, रांधतात आणि ओळीने मांडून बसतात. कुठली भाजी कुठल्या नक्षत्रात येते, कुठली दोनदा उकळून पाणी टाकल्याशिवाय खायची नाही, कुठली बाळंतिणीला द्यायची, हे सगळं त्यांच्या तोंडी असतं. जंगलाचा आराखडा करणाऱ्या कचेरीत ही यादी सापडणार नाही. आणि ज्या बाईला ही यादी पाठ आहे, तिला आराखड्याच्या बैठकीत कुणी बोलतं केलं, तरच ती कागदावर उतरणार.

(नंदुरबार. जिल्हाधिकारी कार्यालयाचं आवार. फायलींचे गठ्ठे.)

आता जिल्ह्याच्या कागदाकडे येऊ. धुळ्यातून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख, त्यात आदिवासी जवळपास ६९ टक्के. जिल्हा नियोजन समिती इथे बसते, अध्यक्ष पालकमंत्री. राज्यघटनेप्रमाणे समितीचे चार पंचमांश सदस्य निवडून आलेले असले पाहिजेत. रचनेत खोट काढायला जागा नाही. गावपातळीवर ग्रामपंचायत विकास आराखडा असतो. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध, म्हणजे आधी काम न ठरवून दिलेला, निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना मिळतो आणि तो कशावर खर्चायचा ते ग्रामसभा ठरवते. एखाद्या पाड्याला वाटलं, तर तो आपली वेगळी ग्रामसभाही मागू शकतो.

मग घोडं अडतं कुठे? कॅलेंडरवर.

(धडगाव तालुका. डोंगरउतारावरची विखुरलेली घरं. बरीचशी दारं बंद. कुडाला टेकवलेली बाज.)

ग्रामसभेच्या रूढ तारखा चार. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. मुंबईतून पाहिलं तर तारखा साजऱ्या आहेत. सातपुड्यातून पाहा.

१५ ऑगस्टला निंदणी चालू असते आणि ओढ्यांना पाणी असतं. पलीकडच्या पाड्यावरचा माणूस येणार कसा? २ ऑक्टोबरला पीक कापणीला आलेलं असतं आणि ऊसतोडीच्या मुकादमाने दिलेली उचल, म्हणजे आगाऊ पैसे, बऱ्याच घरांत पोचून खर्चही झालेली असते. विकास आराखड्याचं काम नेमकं तिथून पुढे डिसेंबरपर्यंत चालतं. तोवर दिवाळी होते, गाड्या भरतात आणि कोयते गुजरातच्या उसात उतरतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. सोबत लहान पोरंही जातात. २६ जानेवारीला झेंडा फडकतो तेव्हा पाड्यावर म्हातारी माणसं, शेळ्या आणि कुत्री राहिलेली असतात.

आता नियम ऐका. साध्या ग्रामसभेला कोरम, म्हणजे ठरावीक किमान हजेरी, लागतो. तो भरला नाही तर सभा तहकूब होते. तहकूब झालेल्या सभेला मात्र कोरम लागत नाही. म्हणजे माणसं नाहीत म्हणून सभा थांबते, आणि माणसं नसतानाच ती पुरी होते. कागदाला काही खुपत नाही. आराखडा वेळेत ऑनलाइन चढतो.

जे हजर असतात, त्यांचीही एक अडचण आहे. कागद मराठीत, आणि तीही कचेरीची मराठी: प्रशासकीय मान्यता, अभिसरण, अनुज्ञेय. पाड्यावर बोलतात पावरी, भिली, मावची. खाली तापीकाठी अहिराणी. ‘आम्हले काय समजस भाऊ, तुम्हीच लिखी ल्या,’ असं म्हणून अंगठा उमटवणारा माणूस अडाणी नसतो. तो फक्त परक्या भाषेत भांडायला तयार नसतो. महिला सभा ग्रामसभेच्या आधी घ्यायची, असा नियम आहे. ती झाल्याची नोंद असते. चर्चेची नोंद शोधायला आम्हाला बराच वेळ लागला असता, म्हणून आम्ही बायकांनाच विचारलं. रस्ता कुणीच पहिला सांगितला नाही. सगळ्यांनी पाणी सांगितलं, त्यातही उन्हाळ्यातलं.

(जुनी छायाचित्रं. नर्मदेचं फुगलेलं पाणी.)

विचारायचं राहून गेलं तर काय होतं, हे या जिल्ह्याला वेगळं शिकवावं लागत नाही. सरदार सरोवराच्या पाण्याने अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. धरणाची उंची ठरली तेव्हा त्या काठावर कुणी सभा घेतली नव्हती.

(संध्याकाळ. ढोल. मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरू.)

सातपुड्याचं स्वतःचं एक कॅलेंडर आहे. होळीला माणूस घरी येतो. उसातून, वीटभट्टीवरून, सुरतेच्या बांधकामावरून येतो. मुकादमाशी भांडून येतो. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारांत पाय ठेवायला जागा नसते. काठी गावची होळी पाहायला तर डोंगर ओलांडून माणसं येतात. खाली मैदानात आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, असाच मान. सासुरवाशिणी माहेरी येतात, सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या शेतगड्याचं, नवं साल आखाजीपासून धरतात. देणंघेणं, करारमदार, सगळं त्या दिवशी बसून बोलायची खानदेशची जुनी सवय आहे.

जादा ग्रामसभा बोलवायला कायद्याची आडकाठी नाही. होळीच्या आठवड्यात एक सभा पाड्यावर, पावरीत, बायका पुढे बसवून घेतली, तर त्यासाठी नवा निधी लागणार नाही. ग्रामसेवकाला सणाची सुट्टी मोडावी लागेल, एवढंच. आता हे एवढंच किती जड आहे, ते ग्रामसेवकालाच ठाऊक.

(पहाट. चांदसैली घाट. पिकअप गाड्यांची रांग तळोद्याकडे उतरते आहे.)

होळी संपली. उसाचा हंगाम अजून उरला आहे. मागच्या गाडीत गोधड्या, पातेली, दोन कोंबड्या, आणि अंगावरचा होळीचा रंग अजून न उतरलेला एक पोरगा. मागे पाड्यावरच्या शाळेच्या भिंतीवर नोटीस चिकटवलेली आहे: ग्रामसभा, १ मे, सकाळी नऊ वाजता.