रुमालाखालचा सौदा

(जालना येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

माझे आजोबा बैलगाडीत कापूस भरून इथल्या मोंढ्यात यायचे, त्या काळी सौदा रुमालाखाली होत असे. अडत्या आणि खरेदीदार समोरासमोर बसत, रुमालाखाली एकमेकांचा हात धरत आणि बोटे दाबून भाव ठरवत. ज्याचा माल, तो शेजारीच उभा असे, पण त्याला दिसायचा तो फक्त हलणारा रुमाल. मग अडत्या मान वळवून आकडा सांगायचा आणि त्यातून हमाली, तोलाई, धर्मादाय अशा नावांनी कपात सुरू व्हायची. भाव कमी मिळाला म्हणून आजोबा कधी चिडलेले मला आठवत नाहीत. आत किती ठरले हे जन्मभर कळले नाही, हे मात्र ते म्हातारपणीही बोलून दाखवत.

बलाढ्य तंत्रज्ञान कंपन्यांच्या बाजारातील सत्तेला नियामकांनी लगाम घालावा का, हा आजचा विषय. घालावा, असे माझे मत आहे. पण लगाम कोणत्या जातीचा असावा हे ठरवताना युरोपच्या कायद्याइतकाच आपला मोंढाही उपयोगी पडतो, म्हणून सुरुवात तिथून केली.

वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, १८९७ साली वऱ्हाडासाठी स्वतंत्र कायदा झाला आणि निजामाच्या राज्यात, म्हणजे आपल्याकडे, १९३० साली कृषी बाजाराचा कायदा आला. कायदा आला म्हणून रुमाल दुसऱ्या दिवशी खांद्यावर गेला असे नाही. त्याला बराच काळ लागला. परंतु नियंत्रित बाजाराची कल्पना काय होती ते नीट पाहण्यासारखे आहे. तिने कापसाचा भाव ठरवून दिला नाही, अडत्यालाही हाकलून लावले नाही. वजने प्रमाणित असावीत, कपाती आधी जाहीर असाव्यात, परवान्याशिवाय कोणी सौदा करू नये आणि लिलाव उघड्यावर पुकारला जावा, एवढेच तिचे मागणे होते.

आता दुसरा एक लिलाव पाहू. तुम्ही मोबाइलवर एखादे मराठी बातमीपत्र उघडता, तेव्हा पान उमटण्याच्या आत त्यातील जाहिरातीच्या रिकाम्या जागेचा लिलाव होऊन गेलेला असतो. जागा विकणाऱ्या प्रकाशकाच्या बाजूने काम करणारी यंत्रणा, जाहिरातदाराच्या बाजूने बोली लावणारी यंत्रणा आणि ज्या बाजारात ही बोली लागते तो बाजार, या तिन्ही ठिकाणी गूगल आहे. विकणाऱ्याचा अडत्या तोच, घेणाऱ्याचा दलाल तोच आणि मोंढ्याचा मालकही तोच. १७ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेत न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी प्रकाशकांची यंत्रणा आणि लिलावाचा बाजार या दोन्हींत गूगलने बेकायदेशीर मक्तेदारी राखल्याचा निर्णय दिला. जाहिरातदारांच्या बाजूचा आरोप मात्र त्यांनी मान्य केला नाही. माझ्या आजोबांना हा खटला समजावून सांगायला पाच मिनिटे पुरली असती.

आपला कायदा याबाबतीत समंजस आहे. २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ४ नुसार मोठे असणे हा गुन्हा नाही, मोठेपणाचा गैरवापर हा गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. फोन बनवणाऱ्या कंपनीला प्ले स्टोअर हवे असेल तर गूगलच्या इतर ॲप्सचा सगळा संच घ्यावा लागे आणि शोधाची पट्टी पहिल्याच पडद्यावर ठेवावी लागे, हा आक्षेपाचा एक मुख्य मुद्दा होता. कुणी म्हणेल, ज्याला नको त्याने सेटिंगमध्ये जाऊन बदलावे. मंडळी, या सभागृहात किती जणांनी आपल्या फोनवरील शोधयंत्र आजवर बदलले आहे? हात वर झालेले दिसत नाहीत. अमेरिकेतील दुसऱ्या खटल्यात उघड झाले की २०२१ या एका वर्षात, आपले शोधयंत्र आधीपासून बसवलेले असावे यासाठी गूगलने इतर कंपन्यांना २६.३ अब्ज डॉलर मोजले. लोक एरवीही आपल्यालाच निवडतील अशी खात्री असती, तर एवढी रक्कम कोणी कशाला मोजली असती? न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी गूगलला मक्तेदार ठरवले. सप्टेंबर २०२५ मध्ये उपाय ठरवताना मात्र क्रोम विकायला लावण्याची सरकारची मागणी त्यांनी फेटाळली. मोडतोडीपेक्षा करारांवर बंधने घालण्याचा तो मार्ग मला स्वतःला पटतो.

या कंपन्यांनी आपले भलेही केले आहे, ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. माझा एक जुना विद्यार्थी तूरडाळीची छोटी मिल चालवतो. खरेदीच्या एका ॲपमुळे त्याची एक किलोची पिशवी पुण्या-बंगळुरूपर्यंत जाऊ लागली. एरवी त्याला ते गाठायला दोन पिढ्या लागल्या असत्या. पुढे त्याच ॲपच्या स्वतःच्या नावाची डाळ आली आणि याची पिशवी पहिल्या पानावरून चौथ्या पानावर गेली. कदाचित ती डाळ खरोखरच सरस असेल, कदाचित याच्या मालाविरुद्ध तक्रारी आल्या असतील. मी वकिली करत नाही. त्याने विचारणा केली तेव्हा ‘आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे’ असे छापील उत्तर आले. रुमाल तेवढा बदलला आहे.

लगाम चुकीचा पडला तर काय होते, हेही जालन्याने पाहिले आहे आणि तेही तंत्रज्ञानाच्याच बाबतीत. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. बियाणे अनेक कंपन्यांचे, पण त्यातील जनुक एकाच ठिकाणचे, महिको-मोन्सॅन्टोच्या संयुक्त कंपनीचे; ४५० ग्रॅमच्या पाकिटाला सुमारे सोळाशे रुपये पडत आणि त्यातील मोठा वाटा त्या जनुकाच्या शुल्काचा असे. आंध्र प्रदेश सरकार तेव्हाच्या मक्तेदारी आयोगाकडे गेले, २००६ साली आयोगाने शुल्क कमी करण्यास सांगितले आणि पाकीट साडेसातशेवर आले. शेतकऱ्याला मिळालेला तो दिलासा खरा होता. पुढे केंद्राने किंमत नियंत्रणाचा आदेश काढला, २०१६ साली शुल्क ४९ रुपयांवर आणले आणि २०२० साली ते शून्य केले. दरम्यान २०१६ मध्ये, तंत्रज्ञान स्थानिक कंपन्यांना देण्याच्या सक्तीच्या प्रस्तावावर आक्षेप घेत, मोन्सॅन्टोने पुढच्या पिढीच्या वाणाचा अर्ज मागे घेतला. आणि तणनाशक सहन करणारे बिनपरवाना बियाणे आज चोरून आपल्या शिवारात येते, ज्याच्या पाकिटावर धड पत्ताही नसतो. या सगळ्याचे खापर मी किंमत नियंत्रणावर फोडत नाही. पण स्पर्धा आयोगाने २०१६ साली ज्याची चौकशी सुरू केली, ते परवान्यांच्या करारातील जाच हे मूळ दुखणे होते आणि आपण बहुतेक काळ पाकिटावरच्या आकड्याशी झटत राहिलो. ॲपवाल्यांचे कमिशन सरकारने ठरवून द्यावे, अशी मागणी हल्ली ऐकली की मला ते पाकीट आठवते.

सरकार स्वतः दारात उभे राहिले की काय होते, तेही सांगायला हवे. १९७२ साली राज्याने कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली. व्यापाऱ्याच्या तावडीतून सुटलेला शेतकरी सरकारच्या रांगेत उभा राहिला आणि भाव बरा असेल तेव्हा रात्री गाड्या भरून शेजारच्या राज्यात कापूस नेऊ लागला. बाजार समित्यांतही परवाने मोजक्या घरांत कसे फिरत राहिले, ते या सभागृहात मी सांगावे असे नाही. समोर बसलेल्या काहींना ते माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. नियामकावर नजर कोणी ठेवायची, हा प्रश्न म्हणून टाळता येत नाही.

दंडाचा मार्गही अपुरा आहे. अँड्रॉइडची चौकशी २०१९ साली सुरू झाली, आदेश २०२२ साली आला, अपील न्यायाधिकरणाने २०२३ मध्ये दंड कायम ठेवून दहांपैकी चार निर्देश रद्द केले. प्ले स्टोअरच्या प्रकरणातील ९३६.४४ कोटींचा दंड २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आला. लहान कंपनीचे आयुष्य एवढ्यात संपून जाते. म्हणूनच युरोपने डिजिटल बाजार कायदा करून नियम आधीच घालून दिले आणि मार्च २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना ते लागू केले. त्याच महिन्यात आपल्याकडेही डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा आला. भारतातील ४,००० कोटींची उलाढाल आणि १ कोटी वापरकर्ते यांसारख्या कसोट्या त्यात आहेत, पण त्याचा कायदा अजून झालेला नाही.

निव्वळ आकाराच्या कसोटीवर माझा फारसा विश्वास नाही. यूपीआयचे पाहा. दोन ॲप्सकडे मिळून सुमारे चार पंचमांश व्यवहार आहेत, कोणाकडेही ३० टक्क्यांहून अधिक असू नयेत असा नियम २०२० साली जाहीर झाला आणि त्याची मुदत ढकलत डिसेंबर २०२६ पर्यंत नेली गेली. तरीही मला तिथे फार भीती वाटत नाही, कारण खाते बँकेत आहे, रुळ सामाईक आहे आणि एक ॲप काढून दुसरे घेतले तरी चहावाल्याला पैसे पोचतातच. व्हॉट्सॲपचे तसे नाही. उद्या मी ते सोडले तर माझ्या भावकीचा, शाळेचा आणि पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकाचा गट माझ्याबरोबर येत नाही. २०२१ च्या गोपनीयता धोरणावरून नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीला, मेटाला, २१३.१४ कोटींचा दंड झाला, त्याच्या मुळाशी हीच अडचण होती: अटी मान्य करा नाहीतर बाहेर जा, आणि बाहेर तर कोणीच नाही.

त्या डाळमिलवाल्या विद्यार्थ्याला मी मागच्या आठवड्यात विचारले, कायदा झाला तर तुला त्यात काय हवे? कमिशन कमी करा असे तो म्हणेल, अशी माझी अटकळ होती. तो म्हणाला, ‘सर, पिशवी खाली का गेली ते लेखी कळावं. आणि चार वर्षांत ग्राहकांनी माझ्या डाळीला जे शेरे दिलेत, ते दुसऱ्या ॲपवर जाताना बरोबर नेता यावेत.’ मसुद्यात हे कोणत्या कलमात बसते ते मी त्याच्याबरोबर बसून शोधतो आहे.