किळस येणे, किळस करणे

मंडळी, भातात केस निघाला, खरकट्याच्या बादलीत चुकून हात गेला, की अंग आधी मागे सरतं आणि शब्द मागाहून येतो. त्या शब्दाबद्दल, किळसेबद्दल, आज बोलायचं आहे.

तिच्या शेजारपाजारचे शब्द आधी बघू. शिसारी आली की अंगावर शहारा येतो. ओकारी थेट पोटातली. वीट मात्र वेगळा, कारण तो चांगल्या गोष्टीचाही येतो. चार दिवस रोज श्रीखंड खाऊन बघा. (हा वीट पुल्लिंगी, 'वीट आला' असा, विठोबाच्या पायाखालची ती स्त्रीलिंगी.) तिटकारा लाचारीचा असतो, ढोंगाचा असतो, म्हणजे तो मनातला. किळशीला मात्र वास लागतो, स्पर्श लागतो, चिकटपणा लागतो. म्हणून राजकारणातल्या प्रत्येक भांडणाला 'किळसवाणा प्रकार' म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. शब्द वापरून वापरून बोथट होतो, आणि खरोखर किळसवाणं काही समोर आलं की आपल्या हातात काही उरत नाही.

या शब्दाचं व्याकरण मला शाळेत कळलं नाही, घरी कळलं. आजोबा अंथरुणाला खिळले होते. आजी त्यांचं सगळं करायची. एकदा तिनं मला भांडं धरायला बोलावलं. मी बारा वर्षांचा, तोंड फिरवून उभा राहिलो. ती रागावली नाही. म्हणाली, "किळस आली तर येऊ दे. त्यांची किळस करू नकोस."

पुढे आयुष्यभर भाषा शिकवली, पण येणं आणि करणं यांतला फरक इतक्या थोडक्यात सांगणारं दुसरं वाक्य मला सापडलं नाही. 'मला किळस येते' म्हणताना मी कर्ता नसतोच. भूक लागते, झोप येते, तशी ती येते. 'किळस करतो' म्हटलं की कर्ता मी, आणि जबाबदारीही माझी. शिवाय दोन्हीकडे 'ची' लागतो: भांड्याची किळस, माणसाची किळस. आजीला नेमकं हेच नको होतं, भांड्यावरून माणसावर सरकणं.

हे सरकणं किती लांब जातं ते महाडला दिसलं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्याबरोबरच्या माणसांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. जनावरं तिथे पाणी पीत होती, त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. माणसं प्यायल्यावर मात्र पंचगव्याच्या घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं गेलं. शेणानं न विटाळणारं पाणी माणसाच्या ओंजळीनं विटाळलं! ही आलेली किळस नव्हे. ही पिढ्यान्‌पिढ्या लहान मुलांना शिकवलेली, मुद्दाम केलेली किळस. तिला नाक लागत नाही, फक्त जात लागते.

आता संस्कृताकडे. बीभत्स रसाचा स्थायीभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी असलेली भावना, 'नाट्यशास्त्र'कार भरतानं जुगुप्सा सांगितला. हा शब्द 'गुप्' धातूचा, म्हणजे राखणे, जपणे; स्वतःला जपण्यासाठी मागे सरणं त्यात दिसतं. आणि 'घृणा'? आज आपण ज्याला घृणा म्हणतो, त्याच शब्दाचा संस्कृतात दया असाही अर्थ आहे. दुसऱ्याची जखम पाहून आत जे हलतं, ते कुठल्या बाजूला वळेल हे शब्दानं जणू मोकळं ठेवलं होतं.

संस्कृत व्याकरणकार पाणिनीचं 'गुप्तिज्किद्भ्यः सन्' हे सूत्र मला फार आवडतं: गुप्, तिज् आणि कित् या धातूंना 'सन्' प्रत्यय लागतो. त्या एकाच सूत्रातून तीन शब्द निघतात: जुगुप्सा, तितिक्षा आणि चिकित्सा. म्हणजे किळस, सोसणं आणि उपचार. पाणिनीनं ते प्रत्ययासाठी एकत्र आणले, बाकी अर्थ त्याच्या मनात नसेल. पण आजारी माणसाच्या खाटेजवळ बसलेल्याला ही तीन नावं ओळखीची वाटतील.

वरोऱ्याला बाबा आमट्यांना पावसात, गटाराकडेला तुळशीराम दिसला. महारोगानं झडलेला, अंगात किडे पडलेला. बाबा पळाले. आपण पळालो हे पुढे त्यांनी स्वतःच सांगितलं. मग ते परत गेले, त्याच्या डोक्यावर आडोसा केला, त्याला भरवलं. आनंदवन त्यानंतरचं, १९४९ सालचं.