भाड्याच्या खोल्यांतून उभं राहिलेलं शहर
(ठाण्यातील एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय तो ‘कोइंब्रा आणि ठाणे’. ठाणेकरांना पोर्तुगीज नवे नाहीत. आपलं मध्यवर्ती कारागृह म्हणजे त्यांनी १७३० साली बांधायला घेतलेला किल्ला. मराठ्यांनी तो १७३७ साली जिंकला. पण दोनशे वर्षं ज्यांचा अंमल आपण सोसला, त्यांचं विद्येचं माहेरघर कुठलं, हे आपल्याकडे फारसं कुणी विचारत नाही. ते हे पोर्तुगालमधलं कोइंब्रा. मोंदेगू नदीच्या काठी एक टेकडी, माथ्यावर विद्यापीठ, पायथ्याशी बाजारपेठ.

पोर्तुगालचा राजा दिनीश यानं १२९० साली विद्यापीठ काढलं ते लिस्बनला. १३०८ साली ते कोइंब्राला आणलं. पुढे लिस्बन-कोइंब्रा अशा खेपा होत होत १५३७ साली ते कोइंब्राला कायमचं स्थिरावलं. मुंबई बेट ज्याच्याकडे पट्ट्यानं होतं तो वैद्य गार्सिया द ओर्ता, हा हिंदुस्थानात येण्यापूर्वी याच विद्यापीठात शिकवत होता, ते लिस्बनला असताना. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात आंब्यावर अख्खं प्रकरण आहे. आंब्याचा विषय निघाला की ठाण्यात सभा आवरत नाही, म्हणून पुढे जातो.

तिथलं अठराव्या शतकातलं जुआनिना ग्रंथालय बघायला जगभरातून लोक येतात. आत वटवाघळं राहतात. रात्री ती पुस्तकं पोखरणारे किडे खातात, म्हणून संध्याकाळी टेबलांवर चामड्याची आच्छादनं घालून ठेवतात आणि सकाळी साफसफाई करतात. हसताय, पण पुस्तकं शाबूत आहेत!

आता माझा खरा मुद्दा. विद्यापीठ कोइंब्राला आल्यावर पहिला प्रश्न काय उभा राहिला असेल? पोरांनी राहायचं कुठे? मग १३०९ साली राजानं फर्मान काढलं, की अल्मेदिना भागात घरं बांधा आणि ती विद्यार्थ्यांना भाड्यानं द्या. सातशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. राज्यकर्त्याला कळलं होतं, की वर्ग बांधून भागत नाही, पोरांना गावात जागा लागते.

हे सांगताना मला राहवत नाही, म्हणून आमच्या इमारतीतला प्रसंग सांगतो. जव्हारकडची दोन मुलं इथे पदवीला होती. रोज पहाटेची एसटी, मग लोकल, परत जायला रात्र. एक सदनिका रिकामी होती, मालक द्यायला तयार होते. सभेत ठराव आला : ‘अविवाहितांना जागा देऊ नये.’ मी उभा राहिलो, म्हटलं, अहो, ही एकोणीस वर्षांची पोरं आहेत, अविवाहित नसतील तर काय असतील? लोक हसले आणि ठराव मंजूर केला. त्यातल्या एकानं दुसऱ्या वर्षी शिक्षण सोडलं. ज्या मुलाची गाठ शहराशी फक्त फलाटावर पडते, तो इथे नाटक कधी बघणार, व्याख्यानाला कधी येणार? आज या सभागृहात पंचविशीच्या आतले किती आहेत, मागे वळून बघा. मला याचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

कोइंब्रात त्या भाड्याच्या घरांच्या परंपरेतून ‘रेपुब्लिका’ उभ्या राहिल्या. दहा-बारा जणांनी एक घर घ्यायचं, खर्च वाटून घ्यायचा, कारभार आळीपाळीनं सांभाळायचा, निर्णय सगळ्यांच्या संमतीनं करायचे. वर्षातून एकदा, घराच्या वाढदिवसाला, जुने रहिवासी जेवायला येतात. त्या वाढदिवसाला ते ‘शताब्दी’ म्हणतात, कारण विद्यार्थ्याचं एक वर्ष शंभर वर्षांच्या तोलाचं! तिथलं फादो गाणंही याच गल्ल्यांतलं. काळे झगे घातलेले विद्यार्थी मे महिन्यात मध्यरात्री जुन्या कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर गातात, गाव खाली उभं राहून ऐकतं. दाद द्यायची तर टाळ्या नाहीत, घसा खाकरायचा.

आपल्याकडची पोरंही तिथे होती बरं का. गोव्याचे आदेओदातु बार्रेतु आणि तेलु द माश्कारेन्यश तिथेच शिकत होते. १९२८ साली त्यांनी ‘इंडिया नोव्हा’ नावाचं नियतकालिक काढलं. ज्यांचं राज्य, त्यांच्याच विद्यापीठात बसून, त्यांच्याच भाषेत भारताची बाजू मांडायची! तेलुंनी पुढे गोव्याच्या मुक्तीसाठी पोर्तुगालमध्ये दीर्घ तुरुंगवास भोगला, १९७० पर्यंत.

आणि मग पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार. हाही कोइंब्राचाच प्राध्यापक. त्यानं १९४०च्या दशकात टेकडीवरची जुनी वस्ती पाडली. घरं, गल्ल्या, दुकानं सगळं गेलं. माणसं गावाच्या कडेला नव्या वसाहतींत नेऊन बसवली आणि माथ्यावर भव्य, चौकोनी इमारती उठवल्या. म्हणजे एका राजानं पोरांना गावात वसवलं आणि या हुकूमशहानं गावच पोरांपासून तोडलं. पण गंमत बघा, त्याच जागेवरच्या गणित विभागाच्या इमारतीचं १७ एप्रिल १९६९ रोजी उद्घाटन होतं. राष्ट्राध्यक्ष समोर. विद्यार्थी नेता आल्बेर्तु मार्तिन्श उठून म्हणाला, मला बोलायचंय. बोलू दिलं नाही, रात्री अटक झाली आणि विद्यापीठ पेटलं. परीक्षांवर बहिष्कार पडला, कित्येकांना सक्तीनं सैन्यात धाडलं. पाच वर्षांनी, २५ एप्रिल १९७४ ला मध्यरात्रीनंतर रेडिओवर एक गाणं लागलं. तो हुकूमशाही उलथवणाऱ्या लष्करी उठावाचा इशारा होता. ते गाणारे जुझे अफोंसु कोइंब्रात विद्यार्थी असताना फादो गायचे. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला पोर्तुगालनं करार करून गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं.

चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं. ठाण्याचं राहिलंच, तर भराभर सांगतो.

मोंदेगूच्या काठी सांता क्लारा नावाचा मठ होता. पूर येई, जोगिणी फरशी उंच करत, पुन्हा पूर येई. शेवटी १६७७ साली त्या डोंगरावर गेल्या. पण नदीकडे त्या गावानं पाठ फिरवली नाही. काठावर बाग आहे, पूल आहे, पोरं वाचत बसलेली असतात. आपल्या चेंदणी बंदराला महाविद्यालयं खाडीला खेटून आहेत, आणि खाडी दिसते ती कळव्याच्या पुलावरून जाताना. तिथे बसायला जागा करा. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला लोक ऐरोलीला जातात, काठावरच्या मुलांना निदान पाणी तरी दिसू दे.

दुसरं, नौपाड्यातल्या, चेंदणीतल्या पुनर्विकासात काही खोल्या विद्यार्थ्यांसाठी माफक भाड्यानं राखून ठेवायला हव्यात. आपण १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय काढलेलं शहर आहोत, तेव्हा कुणी फर्मान काढलं नव्हतं. तिसरं, सोसायट्यांनी ‘अविवाहित’ हा नियम विद्यार्थ्यांपुरता तरी काढून टाकावा. यासाठी महापालिकेला द्यायच्या निवेदनाचा मसुदा मी बाहेर टेबलावर ठेवलाय. दुरुस्त्या सुचवा, सह्या करा, आणि तुमच्या इमारतीत रिकामी खोली असेल तर ती मागच्या कोऱ्या पानावर लिहा. जूनमध्ये प्रवेश सुरू होतील, त्याआधी यादी हवी आहे.